थौकेंचा डावा डोळा

माशालाही उपास असतो, हे बी लेंगला सासूबाईंकडून कळलं.

"रात्रीपासून काही घातलं नाहीस ना थौकेंना?" ग्वात खिमने उठल्या उठल्या विचारलं.

"नाही, आई."

"कोळंबी?"

"नाही."

"पाल?"

"पाल मी घालत नाही. झाकणाच्या फटीत आली तर ते स्वतःच धरतात."

"मग मलाही कॉफी नको. ते उपाशी आणि मी पिऊ? बरं दिसतं का ते?"

बी लेंगने ओतलेला कप पुन्हा किटलीत रिकामा केला. स्वयंपाकघरात बदक रटरटत होतं, लाल पिठाची गोड कासवं वाफेवर होती, आणि ज्या घरात पहाटेपासून भाजलेल्या कॉफीचा वास सुटायचा त्या घरची थोरली मालकीण ओठ घट्ट मिटून बसली होती. आज सासऱ्यांची तिथी. दीर येणार, नणंद येणार, बाबांच्या फोटोपुढे पान मांडलं जाणार. आणि त्या सगळ्याच्या मधोमध माशाच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं.

थौके म्हणजे मालक. ताइपिंगच्या बाजारात कॉफी भाजणाऱ्या क्वेकांना सगळे थौके म्हणत. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची पदवी रीतीने थोरल्या मुलाकडे, चिन होककडे यायला हवी होती. पण भट्टीवरची माणसं चिन होकला 'आह होक'च म्हणत राहिली. तो कुणावर ओरडत नसे, आणि न ओरडणाऱ्याला मालक कोण म्हणणार? पदवी काही दिवस घरात मोकळीच फिरली आणि शेवटी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जाऊन पडली. टाकीत बाबांचा आरोवाना मासा होता. हाताहून लांब, पितळी खवल्यांचा, हनुवटीला दोन मिशा असलेला. दरवाज्याकडे तोंड करून तो दिवसभर इकडून तिकडे येरझाऱ्या घालायचा, आणि आलेल्या माणसाकडे असा बघायचा की माणूस वहाणा नीट जोडीने काढून ठेवी. ग्वात खिम त्याला अहोजाहो करायची.

या थौकेंचा डावा डोळा वर्षभरापासून खाली उतरला होता. उजवा सरळ, डावा जमिनीवर, जणू काही पडलेलं शोधताहेत. जाणकार म्हणाले, पाळलेल्या आरोवानांना होतं असं, वर काहीतरी तरंगत ठेवा म्हणजे नजर वर राहील. चिन होकने टेबल टेनिसचे पांढरे चेंडू आणून पाण्यावर सोडले. थौकेंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ग्वात खिमने मात्र पाहिलं. म्हणजे तिला जेवढं दिसायचं तेवढं.

"बी लेंग," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली होती, "थौकेंनी अंडी घातली!"

तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गेल्या महिन्यात तिने शेजारणीच्या मांजरावर उशी समजून डोकं टेकलं होतं. त्याच आठवड्यात बस समजून तिने लाकडी कोळशाची लॉरी थांबवली. लॉरीवाला सज्जन होता. त्याने तिला बाजारात सोडलं, वर सुटं भाडं म्हणून तिने पुढे केलेलं बटणही घेतलं. पण सगळे लॉरीवाले सज्जन नसतात. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा तिने मोडली.

"माझ्या नवऱ्याला हर्नियासाठी नेलं होतं," ती सांगे. "पंधरा मिनिटांचं काम म्हणाले. अजून यायचाय."

तिसरी तारीख उद्याची होती. या खेपेला तिने अट घातली होती: आधी थौके. त्यांच्या डोळ्याला हत्यार लागलं आणि ते वाचले, तर ती जाईल. नाही वाचले, तर पुन्हा कुणी विषय काढायचा नाही.

*

धाकटा चिन गुआन इपोहला मोटारी विकायचा. तो आला तो एका किडकिडीत माणसाला पुढे घालूनच. माणसाच्या हातात बिस्किटांचा डबा होता.

"हे लोक सिफू," चिन गुआन म्हणाला. लोक हे त्याचं आडनाव, सिफू म्हणजे उस्ताद. "माशांच्या डोळ्यांत यांच्यासारखा हात उभ्या देशात नाही. आई, आपण नशीबवान, आजची वेळ मिळाली."

ग्वात खिमने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "आधी काय करत होता तुम्ही?"

"न्हावी होतो," सिफू खालच्या आवाजात म्हणाला. "हात हलका आहे माझा."

"बरं झालं. डोळा झाला की मिशाही जरा सारख्या करून द्या."

चिन होक टाकीला पाठ लावून उभा होता. तिथीचा म्हणून घातलेला पांढरा शर्ट पोटावर ताणला होता. तो म्हणाला, "होणार नाही हे."

"दादा, झालं तुझं सुरू?"

"डोळा वाकडा असला म्हणून मासा मरत नाही. बेशुद्ध केला की मरतो. पेनांगला दोन मेलेत असे, मला ठाऊक आहे."

"पेनांगला माणसंही मरतात. म्हणून आम्ही गाव सोडलं का?" हे स्यू एंगचं, नणंदेचं. ती पेनांगच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि दारातून आत येता येताच लोकांची वाक्यं दुरुस्त करायची. पण आज ती थोरल्याच्या बाजूने निघाली. तिने पर्स ठेवली, बाबांच्या फोटोला उदबत्ती लावली आणि धाकट्याकडे वळली. "गुआन, लाज नाही वाटत? बाबांच्या तिथीला घरात माशाचा डॉक्टर? उद्या माझ्या शाळेत कळलं तर?"

"शाळेत काय सांगायचं? डोळ्याचा डॉक्टर म्हण."

"दादा बरोबर बोलतोय. नाही म्हणजे नाही."

नव्या वर्षाच्या जेवणात बदकाच्या तंगडीवरून बिनसल्यापासून स्यू एंग आणि गुआन एकमेकांशी बोलत नव्हती, त्यामुळे आज भांडणाच्या निमित्ताने का होईना दोघांना बरं वाटत होतं. बी लेंग वाट्या मांडत ऐकत होती. या घरात मतं घेतली जायची ती तीनच. तेवीस वर्षांत चौथं कुणी मागितलं नव्हतं आणि तिनेही दिलं नव्हतं.

"बरं," ग्वात खिम शांतपणे म्हणाली. "तर मग उद्या मी कुठे जात नाही. कॉफी आण ग, बी लेंग. थौकेंनाही कोळंबी दे."

स्यू एंगने डोळे मिटले. मग घसा साफ करून ती वर्गात बोलावी तशी म्हणाली, "प्रश्नाचा सर्व बाजूंनी विचार करता, करून टाकायला हरकत नाही."

"स्यू एंग!" चिन होक ओरडलाच.

"दादा, आईने बटण दिलं लॉरीवाल्याला. बटण!"

"आता कसं बोललीस!" चिन गुआनने टाळी वाजवली. "सिफू, तुम्ही फक्त सांगा, धोका काहीच नाही ना?"

लोक सिफूने डबा छातीशी धरला. "तसं नसतं. एखादा उठत नाही. मागे एका घरी नाही उठला, तर ते मालक सुरा घेऊन माझ्या मागे आले. मी त्यांच्या मोरीच्या खिडकीतून पळालो." त्याने सवयीने क्वेकांच्या मोरीकडे नजर टाकली. "म्हणून मी आधी विचारतो. घरातल्या एकाने सगळ्यांसमोर 'करा' म्हणायचं. मग मी करणार."

चिन गुआनचा चेहरा उतरला. मोटार विकताना तो ब्रेकबद्दलचे प्रश्न टाळायचा, तसा त्याने विषय बदलला. "नाही म्हणजे, तिथीचा दिवस आहे खरा. आजच हवं असं थोडंच आहे? दादाचं म्हणणं मला आता पटायला लागलंय."

"तूच आणलंस ना यांना?" स्यू एंग कडाडली.

"आणलं. दाखवायला आणलं."

ग्वात खिम उठली. चाचपडत फोटोपर्यंत गेली आणि तिथल्या बशीतली दोन नाणी तिने ओंजळीत घेतली. बाबांचं जेवण झालं का, हे या नाण्यांवर विचारायची रीत होती. एक छापा, एक काटा पडला की बाबांचं 'हो'. दोन्ही सारखी पडली की 'नाही', नाहीतर 'अजून जेवतोय'.

"तुम्हालाच विचारते," ती फोटोला म्हणाली. "तुमचा मासा, तुमचा डोळा, तुमचीच पोरं. करू का?"

तिने नाणी टाकली. फरशीवर खणखणाट झाला.

"काय पडलं?"

"नाही म्हणाले," चिन होक ताबडतोब म्हणाला.

"हो म्हणाले," स्यू एंग तितक्याच ताबडतोब म्हणाली.

"अजून जेवताहेत," चिन गुआन म्हणाला.

ग्वात खिमचे पांढुरके डोळे तिघांवरून फिरले. आपल्याला दिसत नाही याचा तिला एवढा संताप या आधी कधी आला नसेल. "बी लेंग," ती म्हणाली. "तू सांग."

बी लेंगच्या हातात वाफवलेल्या माशाची थाळी होती. ती तशीच धरून ती वाकली. "एक नाणं छापा आहे, आई. दुसरं घरंगळत टाकीखाली गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबांनी अर्धंच उत्तर दिलं. उरलेलं आपण द्यायचं."

सगळे चिन होककडे बघायला लागले. घरातला थोरला तो, मासा त्याच्या हातचं खाणारा. लोक सिफूही नम्रपणे त्याच्याकडे वळून उभा राहिला. "करू का, साहेब?"

चिन होकचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

बी लेंगला ठाऊक होतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने तिला एकच गोष्ट रडत सांगितली होती. इस्पितळाच्या बोळात तो एकटा बसला होता, आई घरी, गुआन रस्त्यात, स्यू एंगचा फोन लागत नव्हता. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आत आणखी थोडं काम निघालंय, लगेच करून टाकू का? आणि तो म्हणाला, करा. बाबांचं काळीज थकलेलं होतं. दोष डॉक्टरांचा नव्हता, त्याचाही नव्हता. कुणी त्याला कधी बोललंही नाही. पण तेव्हापासून तो त्या रस्त्याने जात नसे. पलीकडच्या हॉटेलांना कॉफी पोचवायची झाली तरी तळ्याला वळसा घालून जायचा. आणि उद्या आईला न्यायचं होतं ते त्याच इस्पितळात.

लोक सिफू अजून त्याच्याकडेच बघत होता.

"करा," बी लेंग म्हणाली.

थाळीतला मासा थोडा सरकला, तो तिने सावरला. "मी म्हणतेय. करा. मेला तर माझ्या नावावर."

"वहिनी!" स्यू एंग म्हणाली. त्यात राग किती आणि सुटका किती, हे तिचं तिलाच कळलं नसेल.

*

बाबांच्या कॉफीच्या दुकानातलं गोल संगमरवरी टेबल दिवाणखान्याच्या मधोमध ओढलं. बदक, कासवं, फळं बाजूला सरकवली.

"तो वाफवलेला मासा झाका आधी," ग्वात खिम म्हणाली. "थौकेंना दिसायला नको."

स्यू एंगने, शिक्षणशास्त्राची पदवी असलेल्या बाईने, त्यावर टोपली पालथी घातली.

थौकेंना टाकीतून काढायला दोन चादरी, दोन भाऊ आणि बऱ्याच शिव्या लागल्या. औषध घातलेल्या लाल टबात ते आधी गरगरले, मग कलंडले, मग दारू चढलेल्या पाहुण्यासारखे आडवे झाले. ओल्या टॉवेलात गुंडाळून त्यांना टेबलावर घेतलं. लोक सिफूने पंपाची नळी त्यांच्या तोंडात घातली, पाणी कल्ल्यांतून वाहायला लागलं, आणि बिस्किटांचा डबा उघडला.

"सुरू झालं का?" ग्वात खिम विचारत होती. तिने टॉवेलातून बाहेर आलेली शेपटी हातात धरली होती. "घाबरू नका हं. पंधरा मिनिटांचं काम आहे."

सिफूने चिमट्याने डोळ्यामागे हळूच काहीतरी सैल केलं. हात खरंच हलका होता. चिन गुआन दुसरीकडे बघत होता. चिन होक कुठेच बघत नव्हता. स्यू एंगचा घसा सुकला म्हणून तिने पाणी तापवायची किटली लावली. त्याच तारेवर देवाचे दिवे होते, पंखा होता, भाताचं भांडं होतं आणि पंप होता.

फट् असा आवाज झाला. पंखा थांबला, दिवे गेले. आणि कल्ल्यांतून वाहणारं पाणी थेंबाथेंबावर आलं.

"पाणी!" सिफू किंचाळला. "तोंडात पाणी पाहिजे! थांबता कामा नये!"

"कशाने घालू?" चिन गुआन जागच्या जागी नाचत होता.

बी लेंगने भिंतीवरची लांब चोचीची किटली ओढली. तिच्यातून या घराने तीन पिढ्या कॉफी ओतली होती. टाकीत बुडवून तिने ती दिराच्या हातात कोंबली. "ओत! धार बारीक ठेव!"

"मला कुठे येतं? मी मोटारी विकतो!"

"क्वेकांचा मुलगा ना तू? ओत!"

चिन गुआनने ओतलं. आणि काय सांगावं, धार बारीक आणि अखंड पडली, बाबांची पडायची तशी. स्यू एंग दुसरी किटली भरून आणायची, रिकामी घेऊन जायची. "उंच धर, गुआन!" "उंचच धरलीय!" "सांडतंय!" "मग तू धर!" कित्येक महिन्यांनंतर दोघं एवढं बोलत होती.

"झालं," सिफू म्हणाला. "डोळा झाला. टाकीत सोडा."

टाकीत सोडलं. थौके हळूच खाली गेले आणि तळाशी कुशीवर आडवे झाले. कल्ले हलेनात.

"वेळ लागतो," सिफू म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "कधीकधी लागतो." मग त्याने डबा बंद केला आणि तो मोरीच्या दिशेने एक पाऊल सरकला.

"कुणी काही बोलत का नाही?" ग्वात खिमचा आवाज पातळ झाला होता. "उठले का?"

"वहिनीने म्हटलं होतं करा," चिन गुआन हळूच म्हणाला. किटली अजून त्याच्या हातात होती.

"हो, म्हणजे आम्ही कुणी म्हटलं नव्हतं," स्यू एंग म्हणाली.

बी लेंगने दोघांकडे पाहिलं. तिला राग आला नाही. नऊ वर्षं होक कुठे उभा आहे ते तिला कळत होतं, आता त्याच जागी उभं राहून तिथली फरशीही दिसली. एवढंच वाटलं तिला.

तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला आणि पायांवर पाणी आलं.

चिन होक टाकीत उतरला होता. पांढऱ्या शर्टासकट, पट्ट्यासकट. त्याचं वजन काही थोडं नव्हतं. जेवढा तो आत गेला तेवढं पाणी बाहेर आलं. दिवाणखान्यात वहाणा तरंगायला लागल्या, पांढरे चेंडू सोफ्याखाली गेले. टाकीत गुडघ्यांवर बसून त्याने थौकेंना पोटाखालून दोन्ही हातांनी उचललं आणि तोंड पुढे करून पाण्यातून ढकलत न्यायला लागला, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. टोकाला पोचला की वळायचं. वळायला जागा नव्हती. पोट या काचेला, पाठ त्या काचेला.

"हे काय चाललंय?" ग्वात खिमने डोळे बारीक केले. "टाकीत एवढं मोठं काय आहे?"

"दादा आहे, आई."

"ऑपरेशन त्याचं होतं की माशाचं?"

कुणी हसलं नाही, कारण चिन होक बोलत होता. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, पाणी गिळत. "उठा. उठा ना. मी नव्हतो म्हणालो यावेळी. मी काहीच नव्हतो म्हणालो. उठा, बाबा. उठा!"

बाबा हा शब्द सगळ्यांनी ऐकला. चिन गुआनने किटली टेबलावर ठेवली. स्यू एंग पाण्यात उभी होती ती तशीच टाकीजवळ गेली आणि तिने आत हात घालून भावाचा शर्ट मागून धरला, वळताना पडू नये म्हणून. चिन गुआनने दुसऱ्या बाजूने दंड धरला. तिघं मिळून एक मासा वळवत होती.

कितव्या फेरीला कोण जाणे, एक मिशी हलली. मग कल्ला उघडला. आणि मग थौकेंना शुद्ध आली. आपण एका जाड्या माणसाच्या मिठीत आहोत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी शेपटी अशी फिरवली की फाडकन आवाज घरभर झाला. चिन होकच्या गालावर लाल पट्टा उमटला. तो मागे कोसळला, आणखी पाणी बाहेर आलं.

"कसला आवाज तो?" ग्वात खिम ओरडली.

"थौकेंनी दादाला थोबाडीत मारली, आई!"

म्हातारी भिंतीला धरून पाण्यातून पुढे आली. काचेवरून हात वर नेत तिने मुलाचा गाल शोधला. ओला, गरम, थरथरणारा. तिने तळवा तिथेच ठेवला.

"लागलं?"

"लागलं," चिन होक म्हणाला. तो लहान मुलासारखा रडत होता.

"बरं झालं. नऊ वर्षं वाट बघत होतास तू या थपडेची. आता मिळाली. फिटलं." तिने गालावर थोपटलं. "मला सुऱ्याची भीती नाही रे. मी टेबलावर गेले, तर तू आणखी एक टाकी घेऊन बसशील, याची होती. ऊठ आता. थौकेंना जागा दे."

मग ती वळली. "बी लेंग कुठेय?"

"इथेच आहे, आई."

"उद्या मला आत नेताना कुणी काही विचारलं, तर उत्तर तू द्यायचंस. हे तिघं नाही."

*

इस्पितळाचा तो बोळ बी लेंगने पहिल्यांदाच पाहिला. चिन होक तळ्याला वळसा न घालता सरळ रस्त्याने गाडी घेऊन आला होता. वाटेत त्याने गाडी कुठेही थांबवली नाही. गालावरचा पट्टा आता निळा पडला होता, आणि इस्पितळातल्या दोन नर्सनी त्याला रुग्ण समजून खुर्ची दिली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कागद चाळले, हसली आणि सहज, रोज विचारतात तसं विचारलं, "मग, करायचं ना आज?"

बी लेंगने तोंड उघडलं. शब्द तोच होता, काल तोंडातून सटकन निघालेला. आज तो जिभेच्या मुळाशी दगडासारखा बसला. माशाच्या वेळी हातात थाळी होती. आता हातात सासूचा हात होता, सुरकुतलेला, कॉफीच्या डागांचा, तेवीस वर्षं जिच्याशी भांडली त्या बाईचा. बी लेंगला वाटलं, होकला मी मनातल्या मनात किती वेळा भित्रा म्हटलं.

"कुणीतरी बोला," ढकलगाडीवरून ग्वात खिम म्हणाली. "मी परवापासून उपाशी आहे."

"करा," चिन होक म्हणाला.

आवाज फाटका होता, पण बोळाच्या टोकापर्यंत गेला. त्याने बी लेंगचा दुसरा हात धरला होता. तिची बोटं दुखेपर्यंत त्याने तो सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही. ढकलगाडी आत गेली, आणि पुन्हा दार उघडून नर्सने ती बाहेर आणली तेव्हा म्हातारी एका डोळ्यावर पट्टी बांधून, दुसरा मिटून, नूडल्स कुठे मिळतील हे विचारत होती.

*

पट्टी दुसऱ्या दिवशी घरीच काढली. स्यू एंगने शाळेत कळवलं होतं की घरी डोळ्याचं ऑपरेशन आहे, कुणाच्या ते लिहिलं नव्हतं. चिन गुआन फरशी पुसत होता. दोन दिवस पुसत होता.

ग्वात खिमने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पाणी आलं ते पुसलं. मग एकेकाकडे नीट बघायला लागली.

"गुआन, केवढा सुटलास तू! स्यू एंग, ही लिपस्टिक तुला शोभत नाही." चिन होकचा गाल तिने पुन्हा चाचपला, या खेपेला बघून.

मग टाकीपाशी गेली. थौके येरझाऱ्या घालत होते. डावा डोळा आता जमिनीवर नव्हता. सरळही नव्हता. थोडा छताकडे होता. लोक सिफू म्हणाला होता, बसेल हळूहळू, आणि दारानेच गेला होता. ग्वात खिम काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. खालचा पुढे आलेला जबडा, वाकड्या मिशा, तुटका पंख.

"हा इतका कुरूप होता?" ती म्हणाली.

"आई, हळू!" चिन होक म्हणाला. "ऐकू येतं त्यांना."

"येऊ दे. मी नऊ वर्षं यांना अहोजाहो करतेय." पण कोळंबीची वाटी तिने स्वतःच मागून घेतली, एकेक सोलली, दोरा काढला आणि टाकीत सोडली.

वाटी परत देताना तिची नजर सुनेवर गेली आणि तिथेच थांबली. बी लेंग फडक्याशी चाळा करत उभी राहिली. हे बघणं तिला सोसवेना.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले तीन-चार वर्षांपूर्वी."

"रंगवायचीस ना तू?"

"बघणारं कोण होतं?" बी लेंग म्हणाली. "होक माशाकडे बघतो. तुम्हाला दिसत नव्हतं."

ग्वात खिमने हातातली वाटी खाली ठेवली. भिंतीकडची खुर्ची स्वतः ओढून आणली, खिडकीच्या उजेडात ठेवली आणि सुनेला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं.

"हलू नकोस, नीट बघू दे," ती म्हणाली. "एकच डोळा झालाय. मला वेळ लागेल."